प्राथमिकच्या चित्रकलेच्या तासाला नेमकं काय शिकवायचं?

नव्या अभ्यासक्रमाची चर्चा सुरू झाली की गणित, भाषा आणि तिसरी भाषा यांवर भांडणं होतात. चित्रकलेवर कोणी भांडत नाही, आणि त्यातच तिचं सगळं दुखणं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२३ साली शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय आराखडा आला, त्यात कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीची जागा दिली आहे. पुण्यात कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्याच धर्तीवर राज्याचा आराखडा तयार केला आणि २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आता शाळांना प्रश्न पडलाय, तो पालकांनाही पडतोच: विषय झाला, पण शिकवायचं काय?

त्याहून अवघड प्रश्न आहे तो 'शिकवायचं कोणी' हा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, पट शंभरच्या वर असेल तर, कलाशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिक्षक, सांगितला आहे. पहिली ते पाचवीसाठी असा निदेशक नाही. म्हणजे सकाळी वजाबाकी शिकवणाऱ्या बाईंनीच दुपारी चित्रकलेचा तास घ्यायचा. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि घरी 'माझ्या मुलाला काही येत नाही' असं म्हणणाऱ्या पालकांसाठी आहे.

दृश्यकला म्हणजे डोळ्यांनी पाहायच्या कला: रेखाटन, रंगकाम, मातीकाम, ठसेकाम, कोलाज, कागदकाम. ड्रॉईंगची वही हा तिचा एक कोपरा झाला.

मूल 'चुकीचं' का काढतं?

मुलाचं चित्र समजून घ्यायचं तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. लहान मूल समोर दिसतं ते काढत नाही, त्याला माहीत असतं ते काढतं. १९७२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मुलांसमोर एक कप ठेवला, त्याचा कान मागच्या बाजूला वळवलेला, म्हणजे बसल्या जागेवरून न दिसणारा. कपावर एक फूल होतं, ते मात्र समोर दिसत होतं. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि दिसणारं फूल गाळलं. कपाला कान असतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि कानामुळेच तो कप ठरत होता. आठ वर्षांच्या आसपासची मुलं मात्र दिसलं तसं काढू लागली.

याच कारणाने पीएमपीच्या बसच्या चित्रात पत्र्याआडचे पायसुद्धा दिसतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं आडवी पडल्यासारखी असतात. पर्वतीच्या उतारावर काढलेलं घर उताराला काटकोनात उभं असतं, त्यामुळे ते घसरून पडेल असं वाटतं. आभाळ हा कागदाच्या वरच्या कडेला एक निळा पट्टा असतो, आणि जमीन व आभाळ यांच्यामधली जागा पांढरीच राहते, कारण आभाळ 'वर' असतं.

व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ साली या वाटचालीचे टप्पे मांडले. त्यांची वयं ढोबळ आहेत आणि समाजाप्रमाणे थोडी बदलतात, पण वर्गात उपयोगी पडतात. दोन ते चार वर्षांपर्यंत गिरगोट्या. चार ते सातमध्ये डोक्यालाच थेट पाय फुटलेला माणूस येतो. वस्तू कागदावर तरंगत असतात. सात ते नऊमध्ये प्रत्येक गोष्टीची ठरलेली खूण तयार होते: घर असंच, झाड असंच, आणि खाली जमिनीची एक रेघ. नऊनंतर मुलाला आपलं चित्र 'खऱ्यासारखं' नाही हे टोचू लागतं. खोडरबर सर्वांत जास्त झिजतो तो याच वयात, आणि 'मला चित्र येत नाही' हे वाक्यही इथेच पहिल्यांदा ऐकू येतं.

हे बोबडे बोल आहेत. दीड वर्षाच्या बाळाने 'मम् पाइजे' म्हटलं तर आपण त्याला व्याकरण शिकवत नाही, त्याच्याशी नीट मराठीत बोलत राहतो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण लगेच पेन्सिल हिसकावून 'असं नाही, असं' म्हणतो. आडवी पडलेली झाडं दुरुस्त करायची नसतात. दोन वर्षं थांबा, ती आपोआप उभी राहतात.

दोन डोंगर, एक सूर्य, एक झोपडी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत 'निसर्गचित्र काढा' म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, उजवीकडे झोपडी, नारळाचं झाड आणि चारच्या आकड्यासारखे पक्षी. ज्या पोराने आयुष्यात नारळाचं झाड जवळून पाहिलेलं नाही, तोही तेच काढतो. खिडकीतून सिंहगड दिसत असला तरी तेच. सिंहगडाची वरची कड सपाट आहे, तिच्यावर मनोरा आहे. ते कोणी काढत नाही.

या चित्राचा दोष ते सोपं आहे हा नाही. ते काढताना मुलाला काही पाहावं लागत नाही, काही ठरवावं लागत नाही. एकदा पाठ झालं की पुढची पाच वर्षं तेच. फळ्यावर बाईंनी काढायचं आणि मुलांनी उतरवायचं, ही रीत अशा चित्रांची पैदास करते. वर्गातली सगळी चित्रं सारखी दिसत असतील तर त्या तासाला एकाच माणसाने चित्र काढलेलं असतं, आणि तो माणूस म्हणजे शिक्षक.

मग शिक्षकाचं काम काय? प्रश्न देणं, साहित्य देणं, वेळ राखणं. प्रश्न इतका नेमका असावा की पाठ केलेलं उत्तर चालू नये. 'पाऊस काढा' म्हटलं की छत्रीतला मुलगा येतो. 'दप्तर भिजू नये म्हणून तुम्ही काय केलं ते काढा' म्हटलं की वर्गात चाळीस वेगळी चित्रं होतात: कोणी दप्तर पोटाशी धरलंय, कोणी आईच्या रेनकोटात शिरलंय, कोणी दुकानाच्या फळीखाली उभं आहे. 'बाजार' यापेक्षा 'मंडईत भाजीवाल्या मावशींच्या हातात काय होतं?' बरं.

चित्र पाहताना 'छान' म्हणणं सोपं, पण त्यातून मुलाला काहीच कळत नाही. 'हे काय आहे?' हा प्रश्न त्याहून वाईट. मुलाला वाटतं, यांना ओळखूच आलं नाही. त्याऐवजी जे कागदावर आहे ते बोला: 'इथे तू रेघ जोरात दाबली आहेस', 'हा माणूस इतरांपेक्षा मोठा आहे, तो कोण?' आणि मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल लावायची नाही. दाखवायचंच असेल तर शेजारी वेगळा कागद घ्या.

रंग गढूळ का होतात?

प्राथमिकमध्ये सर्वांत जास्त हिरमोड होतो तो रंगकामात. अर्ध्या तासात सगळ्यांची चित्रं मातकट. कारणं तीन आहेत, तिन्ही टाळता येतात.

पहिलं कारण पाणी. एकाच मगात ब्रश धुवायचा आणि त्यातलंच पाणी रंगात घ्यायचं, म्हणजे प्रत्येक रंगात आधीच्या सगळ्यांचा अंश. प्रत्येक गटाला दोन मग द्या, एक धुवायला, एक घ्यायला, आणि जुन्या बनियनचं एक फडकं.

दुसरं कारण खुद्द रंग. लाल अधिक निळा म्हणजे जांभळा, हे पुस्तकात खरं असतं; पेटीतल्या कुठल्याही लाल-निळ्याचं नसतं. स्कार्लेट हा लाल पिवळ्याकडे झुकतो आणि प्रशियन निळा हिरव्याकडे. दोन्ही एकत्र केले की लपलेला पिवळाही आत येतो. तीन मूळ रंग एकत्र झाले की चॉकलेटी. जांभळा हवा असेल तर क्रिम्झन हा लाल आणि अल्ट्रामरीन हा निळा घ्या. ताजा हिरवा हवा असेल तर लेमन यलो आणि प्रशियन. केशरीला स्कार्लेट आणि गडद पिवळा. एवढं कळलं की निम्मी तक्रार संपते, आणि 'माझा हात वाईट आहे' असं वाटणाऱ्या मुलाला कळतं की हाताचा काही दोष नव्हता.

तिसरं कारण क्रम. निळ्याची ताकद पिवळ्यापेक्षा खूप जास्त. निळ्यात पिवळा घालत बसलात तर अख्खी बाटली संपेल आणि रंग निळाच राहील. फिकट रंग आधी घ्यायचा आणि गडद रंग ब्रशच्या टोकावर येईल तेवढाच त्यात घालत जायचा.

पस्तीस मिनिटांच्या तासाचं गणित असं बसतं. चाळीस मुलं, चार-चारचे दहा गट. प्रत्येक गटाला एक स्टीलची ताटली, तिच्यात लेमन यलो आणि प्रशियन यांचा एकेक चमचा पोस्टर कलर. दर मुलामागे सहा किंवा आठ नंबरचा गोल ब्रश. वाटपाला पाच मिनिटं, दाखवायला पाच, कामाला अठरा, आवरायला सात. आवरण्याची सात मिनिटं कधीही कापू नका. पुढच्या तासाच्या शिक्षकाशी संबंध टिकवायचे असतील तर नाहीच. काम एकच: जमतील तितके वेगळे हिरवे तयार करायचे, प्रत्येकाचा एक ठिपका. मग मैदानातून पानं आणून जुळवायची. पोपटी, शेवाळी, मेंदी, मोरपंखी, कच्च्या कैरीचा, अशी नावं मुलंच देतात. चित्र त्या दिवशी नाहीच. पुढच्या आठवड्यात झाड काढताना हिरवा थेट बाटलीतून घ्यावासा वाटत नाही.

कागदाबद्दल थोडक्यात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. लिहायच्या वहीचा कागद साधारण साठच्या आत-बाहेर असतो. त्यावर पाणी पडलं की फुगतो, घासला की भोक. जलरंगाला दीडशेच्या पुढचा कार्ट्रिज कागद घ्या. अप्पा बळवंत चौकात २२ × ३० इंचांचा मोठा कागद मिळतो. त्याचे आठ तुकडे केले की प्रत्येकी ११ × साडेसात इंच. चाळीस मुलांना पाच कागद पुरतात. पस्तीस मिनिटांत याहून मोठा कागद प्राथमिकच्या मुलाच्या हातून भरत नाही, अर्धवट राहतो आणि मग घरी आई पूर्ण करते. जून ते सप्टेंबर पुण्यात रंग लवकर वाळत नाहीत, तेव्हा व्हरांड्यात दोरी आणि चिमटे लागतातच. चित्रं एकावर एक रचली तर चिकटणार.

शाडूचा तास

श्रावण आला की शाळाशाळांत शाडूच्या गणपतीची कार्यशाळा होते. चांगली गोष्ट आहे, पण वर्षातून एकदाच आणि थेट गणपती, हे उलटं आहे. ज्या मुलाने कधी मातीचा गोळा वळला नाही त्याला पहिल्याच दिवशी सोंड, चार हात आणि मुकुट करायला लावायचा. मग सोंड गळते, आणि बाई ती लावून देतात. त्याआधी तीन तास द्या: एक नुसता गोळा, वळी आणि चपटी थापी यांचा, एक वाटीचा, गोळ्यात अंगठा घालून फिरवत कड पातळ करत न्यायची, एक जोडकामाचा.

मूल एक, माती तीनशे ते चारशे ग्रॅम. चाळीस मुलांना पंधरा किलोच्या आसपास. पावडर आदल्या दिवशी भिजवा आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवा, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं मुरतं. बोटाला चिकटत असेल तर पाणी जास्त, वळी वाकवताना भेगा पडत असतील तर कमी. शाडूला स्वतःची पकड कमी असते. थोडा कागदाचा लगदा मळला तर वाळताना तडे कमी जातात.

हात-पाय गळून का पडतात? जोड नुसता दाबून बसवलेला असतो म्हणून. दोन्ही बाजूंना काडीने उभ्या-आडव्या रेघा ओरखडायच्या, पाणी घालून दह्याइतकी पातळ केलेली माती मध्ये लावायची, दाबायचं आणि सांध्यावरून बोट फिरवून माती एकजीव करायची. यातली एक पायरी गाळली तरी ओलं असताना सगळं नीट दिसतं आणि तिसऱ्या दिवशी कान टेबलावर पडलेला असतो. दुसरं कारण म्हणजे दोन भागांचा ओलावा वेगळा असणं. सकाळी केलेलं धड आणि दुपारी केलेला हात एकाच वेगाने आकसत नाहीत, त्यामुळे सांधा फाटतो. उन्हात वाळवू नका. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच असतो, आणि तडा जातो. सावलीत, वरून सैल कागद टाकून, आठवडाभर.

फसलेली माती फेकायची नाही. पूर्ण, खडखडीत वाळू द्या आणि मगच पाण्यात टाका. ती आपोआप विरते. अर्धवट ओली ढेकळं मात्र पाण्यात तशीच राहतात. आणि हात बेसिनमध्ये धुवू देऊ नका. शाडू पाइपच्या वळणात बसते आणि पुढचा प्लंबरचा खर्च शाळेच्या माथी. दोन बादल्या ठेवा. वरचं पाणी झाडांना, खालची माती परत पिंपात.

बघायला शिकवणं म्हणजे काय?

तिसरीनंतर, म्हणजे मुलाला 'खऱ्यासारखं' काढावंसं वाटू लागतं तेव्हा, समोर वस्तू ठेवून काढायला सुरुवात करावी. त्याआधी केलं तर वर सांगितलेल्या कपासारखंच होतं.

वस्तू निवडताना सफरचंद नको. त्याचा आकार मुलांना पाठ असतो. कारलं, सीताफळ, जुनं कुलूप, घासलेली चप्पल घ्या. आधी दोन मिनिटं पेन्सिल खालीच; हातात घ्या, वास घ्या, कारल्यावर किती ओळी आहेत मोजा. मग कागदाकडे न पाहता, नजर वस्तूच्या कडेवरून सरकवत एक रेघ काढायची. चित्र वेडंवाकडं येतं, मुलं हसतात, आणि त्यामुळे चुकीची भीती जाते. त्यानंतर दुसऱ्या कागदावर नेहमीसारखं. खोडरबर या तासाला गोळा करून ठेवा. रेघ चुकली तर शेजारी दुसरी काढायची. दोन्ही रेघा राहिल्या की मुलाला आपण कुठे चुकलो ते दिसतं.

पुण्यात यासाठी पैसे न लागणाऱ्या किंवा फार थोडे लागणाऱ्या जागा भरपूर आहेत, आणि शाळा सहल मात्र वॉटरपार्कला नेतात. राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तूंची मोठी रांग आहे. तिथे 'सगळं पाहा' म्हटलं की मुलं वीस मिनिटांत बाहेर. एकच काम द्या: अडकित्त्यांपैकी एक निवडायचा, तो मिटलेला काढायचा, आणि उघडल्यावर कसा दिसेल ते कल्पनेने काढायचं. कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीने केलेलं मठारकाम पाहता येतं. कागद भांड्यावर धरून पेन्सिल आडवी घासली की ठोक्यांची नक्षी कागदावर उतरते. जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात नंदीचा गोल मंडप आहे. गोल छत आणि चौकोनी खांब एकत्र कसे बसवले, हे काढताना कळतं, नुसतं पाहून कळत नाही. संग्रहालयात फक्त पेन्सिल न्या, रंग नाही.

'पण उतरवल्याशिवाय हात कसा बसणार?'

हा आक्षेप अगदी चुकीचा नाही. मुलं एकमेकांची, कार्टूनची, थोरल्या भावंडांची चित्रं पाहूनच बरंच शिकतात, आणि ते थांबवता येत नाही, थांबवूही नये. फरक काय उतरवायचं यात आहे. बाह्यरेषा उतरवली तर हाती एक चित्र येतं. पद्धत उचलली तर तिच्यातून हवी तितकी चित्रं निघतात.

वारलीचं उदाहरण घ्या. शाळेच्या भिंतींवर ती सगळीकडे आहे आणि बहुतेक ठिकाणी एकच तारपा नाच. वारलीत माणूस टोकाला टोक लागलेल्या दोन त्रिकोणांचा; वरचा त्रिकोण कलला की माणूस वाकतो, धावतो, ओझं उचलतो. एवढी गोष्ट द्या आणि मुलांना शाळा सुटतानाचं फाटक काढायला सांगा. रिक्षाकाका, पाण्याची बाटली विसरलेलं पोर, कुत्रं, सगळं त्या दोन त्रिकोणांत येतं. गेरूच्या जमिनीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा, हे मूळ साहित्य वर्गात सहज जमतं: एक वाटी पीठ, पाऊण वाटी पाणी, चिमूटभर डिंक, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. सोबत हेही सांगा की ही पालघर भागातल्या आदिवासी घरांतली लग्नाच्या भिंतीवरची कला आहे, आणि ती कागदावर आणून जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. नाहीतर मुलांना वाटतं, वारली म्हणजे कॉफीच्या मगावरचं डिझाइन.

'याने गणित सुधारतं का?'

पालकसभेत हमखास येणारा प्रश्न. उत्तर 'हो' द्यायचा मोह आवरा. हार्वर्डच्या प्रोजेक्ट झिरो या गटाने २००० साली आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. दृश्यकला शिकल्यामुळे इतर विषयांतले गुण वाढतात याला भक्कम पुरावा सापडला नाही. चित्रकलेला गणिताच्या कुबड्या दिल्या की गणिताचे गुण न वाढल्याच्या दिवशी चित्रकला बंद होते. चित्रकलेतून मिळतं ते तिचंच: नीट पाहणं, एकाच गोष्टीवर टिकून राहणं, फसल्यावर त्यातूनच पुढे काढणं.

मार्क, आणि एलिमेंटरीची घाई

चित्राला दहापैकी किती, हे ठरवताना सुबकपणालाच गुण जातात आणि घरी क्लास लावलेली मुलं पुढे जातात. त्यापेक्षा प्रत्येकाचा एक जाड कागदाचा फोल्डर करा. जूनमधलं एक, दिवाळीनंतरचं एक, मार्चमधलं एक, आणि एक मुलाने स्वतः निवडलेलं, अशी चार चित्रं. मागे तारीख आणि मुलाने सांगितलेलं एक वाक्य. मूल्यमापन म्हणजे जूनच्या चित्राशेजारी मार्चचं ठेवून पाहणं, शेजारच्या बाकावरच्या चित्राशी तुलना नव्हे. पालकसभेत हा फोल्डर उघडा, गुणपत्रक नंतर.

राहता राहिली एलिमेंटरी. नावामुळे अनेक पालकांना ती प्राथमिकची परीक्षा वाटते आणि तिसरीतल्या मुलालाच क्लास लागतो. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे त्यांचे पेपर असतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीचे जादा गुण दहावीला मिळतात म्हणून एवढी गर्दी. तिसरीतल्या मुलाला स्मरणचित्राचे ठरलेले नमुने घोटायला लावले, तर सातवीत त्याच्याकडे तेच पंधरा नमुने असतात, तीच जत्रा, तोच बसस्टॉप. पट्टी, कंपास आणि छटाकाम सातवीनंतर सहा-आठ महिन्यांच्या सरावाने जमतं. तोवर त्याच्या दप्तरात एक बिनरेघी वही आणि एक टू-बी पेन्सिल असली तरी पुरे.